मिरचीच्या आकाराचा पेनड्राइव्ह : हसायचं तर पूर्ण ऐकून हसा



आज जरा भांडायचं आहे. आधी तुमच्या-माझ्या घरातल्या शहाण्या माणसांशी आणि मग थोडं तुमच्याशीही, तेव्हा गाफील राहू नका.

झालं असं की, दिवाळीनंतर भाचा पुण्याहून आमच्याकडे धावड्याला आला. कॉम्प्युटरमधला इंजिनिअर. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला आणि त्याचं लक्ष मिसळणाच्या डब्याच्या वर असलेल्या खिळ्याकडे गेलं. तिथे एक लाल रबरी मिरची लटकते. हिरवा देठ ओढला की आतून पेनड्राइव्हचं तोंड निघतं. "मामी, हे काय खेळणं?" मी सांगितलं. त्याने किंमत विचारली. पाचशे वीस. "अगं, एवढ्याच जीबीचा साधा तीनशेत येतो. रबराचे दोनशे वीस दिलेस?" आणि ओट्यावर जाऊन सगळ्यांना सांगून हसला. आमचे हेसुद्धा हसले.

मी मिक्सर चालू केला आणि गप्प बसले. पण रात्री झोप येईना. कारण त्या मिरचीत काय आहे ते हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत होतं आणि तरी ते हसले.

तर आधी तीनशेच्या साध्या पेनड्राइव्हची गोष्ट ऐका.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद, देवदर्शन बंद, पाहुणे बंद. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणायचो. त्या दिवसांत आई दुपारी ओसरीत बसून गायच्या. मी मोबाइल शेजारी ठेवून त्यांचं रेकॉर्डिंग करायचे. भक्तामराचे ४८ श्लोक त्यांच्या माहेरच्या चालीत, महावीरांचा पाळणा, लग्नात म्हणायची गाणी आणि मधूनच रेसिपी. बिनलसणाचा ठेचा कसा करायचा, डिंकाच्या लाडवाला डिंक कुठला घ्यायचा. "धावड्याचाच घे, बाभळीचा चालतो पण ती चव नाही," असं म्हणून स्वतःच हसलेल्या, कारण गावाचं नावही तेच. अशी चौदा रेकॉर्डिंग झाली. मोबाइल भरला म्हणून लेकीने ती एका काळ्या पेनड्राइव्हवर टाकून दिली. मी तो दुकानाच्या गल्ल्यात नीट ठेवला.

त्या गल्ल्यात आणखी तीन काळे पेनड्राइव्ह होते. एक जीएसटीच्या कागदांचा, एक ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आणि एक कशाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे बोटाच्या पेराएवढे, सगळे काळे. धाकट्या दिरांना गाडीत गाणी हवी होती. त्यांनी गल्ल्यातला एक उचलला आणि मोबाइलच्या दुकानात दिला. तिथल्या पोराने विचारलं, "रिकामा आहे ना?" हे म्हणाले, "हो." पोराने फॉरमॅट करून गाणी भरून दिली. आम्हाला कळलं तेव्हा सव्वा महिना झाला होता. जुना मोबाइल आधीच बदलून दिलेला. चौदाच्या चौदा गेली.

दिरांना मी दोष देत नाही, त्या पोरालाही नाही. चार सारख्या काळ्या डब्यांत एकात जिरे, एकात ओवा, एकात मोहरी आणि एकात विष ठेवलं आणि कुणी चुकलं, तर दोष हाताचा की ठेवणाऱ्याचा? ठेवणारी मीच होते.

आईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बरं, पुन्हा म्हणते." पण मधल्या काळात त्यांना हलका झटका येऊन गेला होता. आवाज बदलला होता. पुन्हा बसल्या तेव्हा नऊच झाली. पाळण्याची मधली कडवी आठवेनात. "अगं, ते मागच्या वेळी बरोबर आलं होतं," म्हणाल्या. मागच्या वेळचं आता कुठे होतं!

तेव्हा लेकीने मोबाइलवर पेनड्राइव्ह दाखवले. सफरचंद, मोटार, पियानो, गाय, मिरची. आईंना अक्षरं बारीक दिसत नव्हती, पण चित्रं दिसत होती. त्यांनी बोट ठेवलं. "ही मिरची घे. मिरची कुणी गाडीत घालत नाही."

माझ्या सगळ्या लेखाचा मुद्दा त्यांच्या या एका वाक्यात आहे. त्यानंतर दीड वर्षाने आई गेल्या. मिरचीला अजून कुणी चुकून हात लावलेला नाही. गाडीत घालायला नेलेली नाही, जीएसटीचे कागद भरायला नेलेली नाही. घरात आलेलं चार वर्षांचं पोरसुद्धा सांगतं, "ही आजीची मिरची." ते दोनशे वीस रुपये मी रबराचे दिले नाहीत, या ओळखीचे दिले.

आता शहाण्या माणसांना काही प्रश्न.

आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव का घालतो? पातेलं तर पातेलंच असतं, नावाने आमटी जास्त चांगली होत नाही. पण मोठ्या कार्याला चार घरांची भांडी एकत्र आली की आपलं कुठलं हे रात्री दोन वाजताही कळलं पाहिजे. कापसाच्या गाठोड्याला वेगळ्या रंगाची चिंधी का बांधतात? बाजारात बैलाची शिंगं ओळखू येतील अशी का रंगवतात? आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता येत नव्हतं, पण कोठीघरातल्या तीस बरण्या त्यांना अंधारात हाताने ओळखू यायच्या. आकार, झाकण, गळा यांवरून. बायकांनी शेकडो वर्षं घर असंच चालवलं. तीच पद्धत मी पेनड्राइव्हला लावली तर ते खेळणं झालं?

आणि ट्रॅक्टरला गोंडे, मोटारसायकलला स्टिकर, मोबाइलला चारशेचं कव्हर, हे सगळं काय आहे? त्यावर ओट्यावर बसून कुणी हसत नाही. चारशेचं कव्हर लावणारा माझ्या मिरचीला हसतो.

जरा मागचाही इतिहास सांगते, कारण "साधी वस्तू चांगली, सजवलेली वस्तू थिल्लर" असं मानणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. पेनड्राइव्ह बाजारात आला २००० साली. आयबीएमने तेव्हा विकलेल्यात मावायचं फक्त ८ एमबी, तरी त्या वेळच्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढे ते डोंगराएवढं वाटलं. आत जी स्मृती असते ती 'फ्लॅश', जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली. चिप नखाएवढी. म्हणजे तिला बाहेरून कुठलाही आकार दिला तरी तिचं काही बिघडत नाही, आणि ही गोष्ट लोकांच्या लवकरच ध्यानात आली. पाच-सहा वर्षांत जपानमध्ये सुशीच्या घासासारखे पेनड्राइव्ह निघाले. तिथल्या हॉटेलांबाहेर काचेत मांडलेले खोटे पदार्थ बनवायची त्यांची जुनी कला आहेच, तीच इथे कामी आली. २००५ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका कंपनीने बाहुल्यांसारखे 'मिमोबॉट' काढले आणि लोक ते जमवू लागले. आज आपल्याकडे लग्नाचे फोटो लाकडी बदामात मिळतात, शाळेच्या मेळाव्यात पेन्सिलच्या आकाराचा मिळतो. रबरासारख्या प्लास्टिकचा साचा असतो, एकेक रंग ओतून भाजतात आणि आत तीच साधी चिप बसवतात. एवढंच त्याचं तंत्र.

लोकांना तो का आवडतो हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. आठवण हातात धरता येत नाही. आवाज तर मुळीच धरता येत नाही. पूर्वी फोटोचा अल्बम होता, कॅसेट होती, तिच्यावर आपल्या हाताने नाव लिहिलेलं असायचं. आता सगळं एका काळ्या तुकड्यात किंवा मोबाइलच्या पोटात गेलं. मग माणूस त्या तुकड्याला काहीतरी रूप देऊ पाहतो. यात बालिश काय आहे?

"पण जैन बाईने अपरिग्रह शिकवायचा की असल्या वस्तू घ्यायच्या?" हा प्रश्न माझ्या चुलतजाऊबाईंनी विचारला. त्या माझ्यापेक्षा वयाने आणि स्वाध्यायाने मोठ्या आहेत, म्हणून नीट उत्तर देते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू असं सांगितलेलं नाही, वस्तूतली आसक्ती असं सांगितलं आहे. मी काचेच्या कपाटात बारा पेनड्राइव्ह मांडले, आंबा-केळं-हत्ती, सगळे रिकामे, नुसते बघायला, तर जाऊबाई, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण एका कामाची एक वस्तू, तिला ओळखीचा आकार, यात आसक्ती कुठे? उलट त्या एका मिरचीमुळे गल्ल्यातले तीन काळे मी काढून टाकले.

आणखी एक गोष्ट. "आकारात काय आहे, आकार म्हणजे काही नाही," असं जे म्हणतात त्यांनी आपल्या यशोधर राजाची कथा आठवावी. राजाने खरा कोंबडा मारला नव्हता, पिठाचा कोंबडा बळी दिला होता. पीठच ते. पण आकार कोंबड्याचा आणि मनात संकल्प मारण्याचा, म्हणून त्याला किती जन्म भोगावं लागलं! लहानपणी आजीने ही कथा सांगितली तेव्हापासून मी प्राण्याच्या आकाराचं बिस्किटही मुलांना देत नाही. आकार मनात भाव उठवतो, हे आपल्या धर्माइतकं कुणी बारकाईने पाहिलेलं नाही. मग वाईट भाव उठवणारा आकार टाळायचा, हे जर बरोबर, तर जपण्याचा भाव उठवणारा आकार घ्यायचा, हे चूक कसं?

हे झालं भाच्यासाठी, दिरांसाठी आणि ह्यांच्यासाठी. आता मैत्रिणींनो, तुमची पाळी.

गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळात एका घरून पेनड्राइव्ह वाटायचं ठरत होतं. उपवास करणाऱ्या प्रत्येकीला एक. आकार दोन सुचवलेले : मंगल कलश किंवा भगवंतांची मूर्ती. सगळ्यांनी "किती छान!" म्हटलं. मी विचारलं, "आत काय असणार?" उत्तर आलं, "आत काही नाही, ज्याचं त्याने भरावं." मी विरोध केला आणि दोन महिने काही जणी माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तरी मी आज पुन्हा तेच लिहिते.

एक. भगवंतांच्या आकाराचा पेनड्राइव्ह घेऊ नका, देऊ नका, वाटू नका. ती वस्तू पँटच्या खिशात जाणार, गाडीच्या सीटखाली पडणार, त्यात नको ती गाणी भरली जाणार, आणि एक दिवस बिघडली की कचऱ्यात. ज्या मूर्तीपुढे आपण ओल्या वस्त्राने उभ्या राहतो तिची मान काढून ती टीव्हीच्या पाठीमागे खुपसायची? पिठाचा कोंबडा आठवा. पिस्तुलाच्या आणि सुऱ्याच्या आकाराचे निघतात, तेही मुलांच्या हातात नको.

दोन. रिकामा पेनड्राइव्ह म्हणजे दान नाही. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पेनड्राइव्ह वाटायचाच असेल तर तो शास्त्रदान व्हायला हवा. रिकामं ताट वाढून कुणी आहारदान केलं म्हणत नाही.

तीन. स्वस्तातली खोटी बेरीज ओळखा. बाहेर रूप सुंदर आणि आत हलकी चिप, हा या धंद्यातला जुना रोग आहे. वर लिहिलेलं ६४ जीबी, आत जागा त्याहून फार कमी. चिपला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. ती सगळं घेतल्यासारखं दाखवते आणि जागा संपली की नवीन फाइल नुसती नावापुरती राहते किंवा जुनी खराब होते. म्हणून नवा आणला की त्याच दिवशी आधी तो काठोकाठ भरा. नको असलेल्या व्हिडिओंनी भरा. मग काढून पुन्हा लावा आणि सगळ्यांत शेवटी टाकलेल्या फाइल उघडून बघा. चालल्या तर ठीक, नाहीतर परत करा. तांदळाचं पोतं घेताना आपण वरची मूठ बघून थांबत नाही, खालपर्यंत बघतो. तसंच.

चार. रूपापायी गैरसोय घेऊ नका. फार रुंद आकार असला तर शेजारची जागा अडते, टीव्हीला नीट बसत नाही. टोपण सुटं असेल तर महिन्यात हरवतं आणि लहान मूल असेल तर ते तोंडात जातं. टोपणाला दोरी हवी. आणि रबर उन्हात आणि तेलकट हवेत चिकट होतं, हे मी स्वतः अनुभवलं.

हा अनुभव सांगायलाच हवा, कारण माझीही फजिती त्यातच आहे. गेल्या वैशाखात आईंच्या तिथीला मी मिरची टीव्हीला लावली. पडद्यावर आलं : पेनड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का? माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळे पाटावर बसलेले, आणि मला तो काळा पेनड्राइव्ह आठवला. लेकीने फोनवरून सांगितलं, "आई, कशालाही हो म्हणू नकोस. काढून ठेव." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तोंडात मसाल्याची बारीक पूड आणि तेलाचा थर. कोरड्या मऊ ब्रशने साफ केल्यावर कॉम्प्युटरला लागला. नऊही रेकॉर्डिंग होती. मी तिथेच बसून रडले.

त्या दिवशी मला कळलं की मी अर्धवट शहाणी होते. मिरचीने माणसाच्या चुकीपासून आईंचा आवाज वाचवला होता, पण मिरची आतल्या चिपला वाचवू शकत नव्हती. फ्लॅश स्मृती म्हणजे विजेचा अगदी बारीक भार कोंडून ठेवलेल्या असंख्य खोल्या. माठातून पाणी पाझरतं तसा तो भार हळूहळू पाझरतो. उष्णतेत जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचं स्वयंपाकघर कसं तापतं ते मराठवाड्यातल्या बायकांना सांगायला नको. नुसता लटकवून ठेवलेला पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं टिकेलच असं नाही. म्हणजे भाच्याचं हसू चुकीचं होतं, पण त्याने नेमका प्रश्न विचारला असता, "मामी, याची दुसरी प्रत कुठे आहे?" तर मला मान खाली घालावी लागली असती.

आपल्याच धर्मात या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे आणि आपण दरवर्षी त्याची पूजा करतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, श्रुतपंचमी. कथा सगळ्यांना पाठ आहे. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना वाटलं, आपल्याजवळचं ज्ञान आपल्याबरोबर जाईल. त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं, पुष्पदंत आणि भूतबली, आणि त्यांना शिकवलं. त्या दोघांनी ते षट्खंडागमात बांधलं. एकाच्या स्मरणात असलेलं दोघांकडे दिलं आणि मग लिहून काढलं. प्रत करणं ते हेच.

पुढचं मात्र आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत नसतं. या षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतकं कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर होती. लोक जायचे, दर्शन घ्यायचे, हात जोडायचे. वाचायला मिळत नव्हतं. ताडपत्रं झिजत होती. प्रत निघावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यात आपल्या सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद होते. १८९० च्या दशकात नक्कल करायला सुरुवात झाली आणि पुढे वर्षानुवर्षं ते काम चाललं. नक्कल करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय यांनी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत काढली, आणि त्या कामात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा. तीच प्रत पुढे सहारनपूरला गेली, तिथून आणखी नकला निघाल्या, आणि १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला. आज कुठल्याही मंदिरात तो ग्रंथ उघडून वाचता येतो.

गुपचूप नक्कल करणं बरोबर होतं की नव्हतं, यावर वाद घालता येईल. अचौर्यव्रत मीही मानते आणि त्याची पळवाट मी काढणार नाही. पण एवढं खरं की नुसती पूजा करणाऱ्या हजारो हातांनी तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोचवला नाही. रात्री दिव्यापाशी बसून अक्षर अक्षर उतरवणाऱ्या थोड्याच हातांनी पोचवला आणि त्यात एका बाईचे हात होते. आणि त्याच्याही नऊशे वर्षं आधी दानचिंतामणी अत्तिमब्बे होऊन गेली. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून वाटल्या. एक हजार, तेही ताडपत्राच्या काळात! आपल्याला दोन होत नाहीत, आणि आपल्याला तर फक्त एक बटण दाबायचं असतं.

लग्नाचा लाकडी बदाम मखमलीच्या डबीत ठेवून तुम्ही शोकेसमध्ये लावला आहे ना? शेवटचा कधी उघडून पाहिलात? ती तुमची मूडबिद्री आहे. लांबून दर्शन घेता आणि आत काय झिजतंय ते माहीत नाही.

म्हणून माझं मागणं असं. श्रुतपंचमीला आपण कपाटातले ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, ऊन दाखवतो, नवीन वेष्टनात बांधतो. या वर्षीपासून त्याच दिवशी घरातले पेनड्राइव्हही बाहेर काढा. त्यांना ऊन नको, पण कॉम्प्युटरला लावा. प्रत्येक फाइल उघडते का पाहा. एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर, एक कॉम्प्युटरच्या डिस्कवर. आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. घरात चोरी होते, पाणी शिरतं, आग लागते. घराबाहेर म्हणजे कुठे? बायकांना ती जागा शोधावी लागत नाही. माहेरी ठेवा. आजपर्यंत माहेराहून डबे आणले, आता एक डबा तिकडे न्या.

चुकून काही पुसलं गेलं तर त्या पेनड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका. नुसतं फॉरमॅट झालेलं पुष्कळदा परत मिळवता येतं, वर दुसरं भरलं की मिळत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तरी उपयोग नव्हता, गाणी भरून झाली होती. तुम्हाला उपयोग होईल.

आणि सगळ्यांत आधीचं काम : घरात जी म्हातारी आज गाते आहे तिचा आवाज आज घ्या. तिला विचारून घ्या, लपवून नको. आकार नंतर ठरवा, तो तिलाच निवडू द्या.

मंडळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कलश आले नाहीत, मूर्तीही आल्या नाहीत. या वर्षी त्याच दात्या घरच्या वहिनींनी मला फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तसं करू. पण आत काय भरायचं ते तुम्हीच सांगा." मी म्हटलं, प्रत्येक घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईचं एक गाणं. सध्या अकरा घरांतून आली आहेत. एका आजींनी अर्ध्या तासाचा पाळणा म्हटला. मी तो ऐकत होते आणि मध्येच थांबले. आमच्या आईंना न आठवलेली कडवी त्यात होती. चाल वेगळी आहे, आवाज वेगळा आहे, पण शब्द तेच.

ती कडवी मी उतरवून घेतली. रविवारी माहेरी जालन्याला जाते आहे. बरोबर दुसरी प्रत नेते. लेकीने तिच्यासाठी लाडवाच्या आकाराचा पेनड्राइव्ह आणून दिला आहे, गोल, वर खसखस लावल्यासारखे ठिपके. चारशे ऐंशी रुपये. भाच्याला सांगू नका. किंवा सांगाच, म्हणजे त्यालाही एक प्रत देता येईल. आजीचा आवाज त्याचाही आहे.

काही जास्त बोलले असेन तर क्षमस्व.

जय जिनेंद्र.